मिस्त्रींचा बारा कुकीजचा ट्रे

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यातली तीस वर्षं मी त्यांना ओट्सच्या कुकीजचं पीठ करून दिलं आणि गेल्या आठ महिन्यांत त्याच पिठावरून त्यांनी माझं डोकं उठवलं. काय झालं ते मीच सांगते. आमच्या नणंदबाई हल्ली त्यांच्या पद्धतीने सांगत फिरताहेत, आणि त्यांच्या सांगण्यात मी नेहमीच अर्धी वेडी असते.

मिस्त्री ओव्हन दुरुस्त करतात. घरातले, कॅन्टीनमधले, बेकरीतले, सगळे. माणूस कामाला चोख, स्वभावाला आडमुठा. घरात तीन घड्याळं बंद पडली आहेत, त्यांच्याकडे ढुंकून बघणार नाहीत, पण लोकांच्या ओव्हनचं दार जरा कुरकुरलं की यांच्या जिवाची घालमेल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका बाईंचा ओव्हन यांनी दुरुस्त केला आणि बाईंनी विचारलं, झाला कशावरून? मिस्त्रींच्या पिशवीत मी दिलेला एक डबा होता. त्यात चॉकलेटचे तुकडे घातलेल्या ओट्सच्या कुकीजचं कच्चं पीठ होतं, माझ्या आईकडे पोचवायचं. या गृहस्थांनी बिनदिक्कत त्याचे बारा गोळे केले, ट्रेवर मांडले आणि आत सारले. आईला पीठ मिळालं नाही ते नाहीच. बाई मात्र खूश झाल्या आणि त्यांनी चार जणींना सांगितलं.

तेव्हापासून ती मिस्त्रींची पद्धतच झाली. दुरुस्ती झाली की बारा कुकीजचा एक ट्रे. त्यांचं म्हणणं असं, की थर्मामीटर एका जागेची गरमी सांगतो, बारा कुकीज बारा जागांची सांगतात. मागच्या कोपऱ्यातली काळी पडली की पंखा मंदावलाय, डावीकडच्या पांढऱ्या राहिल्या की कॉइल गेलीय. आणि मुख्य काम नाकाचं. आधी लोणी वितळल्याचा वास येतो, मग साखर तापल्याचा, आणि मग ओट्स भाजल्याचा खमंग वास सुटतो. तो सुटला की मिस्त्री घड्याळ बघायचे. बाराव्या मिनिटाला सुटला तर ओव्हन ठीक. नवव्याला सुटला तर जास्त तापतोय, पंधराव्याला सुटला तर कमी. त्यावरून बटणामागचा स्क्रू किती फिरवायचा ते ठरायचं. हे सगळं डोळे मिटून, एक हात ओव्हनच्या दांड्यावर ठेवून, मान वर करून चालायचं. गिऱ्हाइकं बघत राहायची. मला घरी हसू यायचं, पण खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटायचा.

पीठ मात्र माझं. लोणी मऊ हवं, पातळ झालेलं नको. ब्राउन साखर पांढरीच्या दुप्पट. ओट्स जाड, ते झटपट शिजणारे भुसकट नव्हेत. चॉकलेटचे तुकडे सगळ्यात शेवटी, हाताने. मग पीठ फ्रिजमध्ये गार करून गोळे. मी आयुष्यात बाकी फार काही केलं नाही. शिवणाच्या दुकानात काजं-बटणं केली, दोन मुली वाढवल्या, त्या आपापल्या घरी गेल्या. पण ज्या घरी मिस्त्री गेले त्या घरात माझी कुकी पोचली. रस्त्यात अनोळखी बायका थांबवून म्हणायच्या, त्या कुकीज तुम्हीच करता ना? आमच्या घराण्यात एवढी ओळख कुणाला मिळाली नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी मिस्त्रींना ताप आला. दहा दिवस अंथरुणात काढले, उठले आणि लगेच कामाला लागले. पहिल्याच कामावरून परत आले ते तोंड पाडून. ट्रे जळाला होता. मी म्हटलं, असेल, अशक्तपणा आहे, लक्ष गेलं असेल. तर म्हणाले, लक्ष होतं, पिठातच साखर जास्त झालीय.

बरं, झाली असेल. मी मोजून साखर घातली. पुढचा ट्रे कच्चा निघाला. मग लोणी वाईट. लोणी बदललं. मग ओट्स जुने. ओट्स बदलले. मग म्हणे सोडा मेलेला आहे. नवीन डबी आणली. प्रत्येक वेळी परत आले की डबा धाडकन ओट्यावर ठेवायचे आणि माझ्या चुकीचा नवा पत्ता सांगायचे. मी घरी आमच्या ओव्हनमध्ये त्याच पिठाच्या कुकीज भाजायची, त्या छान व्हायच्या. ते सांगितलं की म्हणायचे, घरचा ओव्हन तुझ्या सवयीचा आहे. तळपायाची आग मस्तकात जायची, पण मीही मूर्ख, पुन्हा वजनकाटा काढून बसायची. मलाच शंका यायला लागली. तीस वर्षं जे हाताने केलं ते मी वहीत लिहून, चमचे सपाट करकरून करायला लागले.

आणि ही गोष्ट घरात राहिली असती तरी चाललं असतं. नणंदबाईंच्या नातीच्या वाढदिवसाला दरवर्षी कुकीज माझ्याकडून जायच्या. यंदा त्यांनी बाहेरून मागवल्या. मला म्हणाल्या, वहिनी, मनाला लावून घेऊ नका, वयाबरोबर हात उतरतोच. दादा म्हणत होता. म्हणजे नवरा बहिणीकडे जाऊन माझा हात उतरल्याचं सांगून आला होता. त्या दिवशी मी मिस्त्रींशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हा आणखी एक संताप.

तिकडे ओव्हनचीही वाट लागत होती. वास कधी सुटला याचा हिशोब चुकला की स्क्रू चुकीचा फिरायचा. चांगले ओव्हन यांनी फिरवून फिरवून बिघडवले. फोन यायला लागले. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बेकिंगचा क्लास घेणाऱ्या बाई. त्यांच्याकडे सहा ओव्हन आणि दर महिन्याला तपासणी. वीस वर्षं मिस्त्रींशिवाय त्यांनी कुणाला दारात उभं केलं नव्हतं. गेल्या महिन्यात यांनी तपासलेल्या ओव्हनमध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांचे सगळे केक मधोमध बसले, तेही परीक्षेच्या दिवशी. बाई शांत स्वभावाच्या, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की या गुरुवारच्या तपासणीत पुन्हा असं झालं तर मी कंपनीचा माणूस बोलावीन. मिस्त्रींनी हे मला सांगितलं आणि वर म्हणाले, तेव्हा या वेळी पीठ नीट कर.

मी म्हटलं, थर्मामीटर न्या सोबत. ट्रंकेत पडलाय. नाहीतर निदान बारा मिनिटांचा गजर लावा. तर काय चिडले! गजर लावून भाजायला मी काय कालचा आलोय का, म्हणाले. ज्या ओव्हनची गरमीच माहीत नाही त्याला बारा मिनिटं लावून काय कळणार? हे बरोबरच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

बुधवारी दुपारी मी दुसऱ्या दिवसाचं पीठ करायला घेतलं. बहात्तर गोळे करायचे होते. लोणी फ्रिजमधून काढायचं विसरले होते, म्हणून पातेल्यात घालून अगदी मंद आचेवर ठेवलं, जरा मऊ होईल म्हणून. तेवढ्यात धाकटीचा फोन आला आणि मी गॅलरीत गेले. लेकीचा फोन म्हणजे पाच मिनिटं म्हणता म्हणता वीस होतात. आत आले तर पातेल्यातून धूर वर जात होता आणि स्वयंपाकघरभर जळका वास. लोणी जळून काळं झालेलं. तो वास असा होता की नाकाला पदर लावावा. आणि शेगडीपासून दोन हातांवर, तिकडे पाठ करून, आमचे मिस्त्री टेबलावर स्क्रू निवडत बसले होते. लांबीप्रमाणे. शांतपणे.

मी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि तोंड सोडलं. बसल्या जागेवरून हात लांब केला असता तरी बटण बंद झालं असतं. एवढं जळेपर्यंत माणूस बसतो कसा? मिस्त्रींनी वळून पातेल्याकडे पाहिलं. मग धुराकडे. मग म्हणाले, नाक जरा चोंदलंय.

ते ज्या तऱ्हेने म्हणाले त्यावरून माझ्या मनात काहीतरी हललं. गेले कित्येक महिने त्यांनी जेवणाला नावं ठेवली नव्हती. एरवी मीठ दोन कण कमी पडलं तरी चेहरा करणारा माणूस, समोर येईल ते मुकाट गिळत होता. मला वाटलं होतं, सुधारला. मी खूश होते! आता मी कपाट उघडलं, एक बाटली काढली, त्यांच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, डोळे मिटा. कधी नव्हे ते त्यांनी ऐकलं. बाटली नाकाखाली धरली आणि विचारलं, हे काय आहे?

त्यांनी लांब श्वास घेतला. खूप लांब. मग म्हणाले, "व्हॅनिला."

बाटलीत व्हिनेगर होतं.

त्यांनी डोळे उघडले, बाटली पाहिली आणि पुन्हा स्क्रूंकडे बघायला लागले. मग कळलं ते सगळं. तापातून उठले तेव्हापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता. चवही जवळजवळ नाही. एकटेच जाऊन डॉक्टरला दाखवून आले होते. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाही येणार. आणि या माणसाने घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. नाकाशिवाय, अंदाजाने, जुन्या सवयीने, ते घरोघरी डोळे मिटून उभे राहत होते.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण ते नंतर. आधी आला तो राग. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, मी विचारलं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की पिठात काही खोट नाही. मग आठ महिने मला का राबवलंत? बहिणीकडे जाऊन माझं नाव का घेतलंत?

मिस्त्रींनी एक स्क्रू उचलला आणि परत त्याच जागी ठेवला. मग म्हणाले, "पीठ बदलता येतं, म्हणून."

मी जळकं पातेलं घासायला घेतलं आणि गरज होती त्याच्या तिप्पट घासलं. मग म्हटलं, उद्या बाईंना सरळ सांगून टाका. त्यांनी मान हलवली. वास न येणाऱ्या मिस्त्रीला कोण बोलावणार, म्हणाले. तीस वर्षं मी लोकांना नाकाचंच सांगत आलो. आणि मग हळूच, स्क्रूची डबी बंद करता करता, त्यांनी त्यांचा बेत सांगितला. मी उद्या सोबत यायचं. डबे धरायला आलेय असं दाखवायचं. ओट्सचा खमंग वास सुटला की खोकायचं.

मी साफ नाही म्हटलं. खोकायला मी काय क्षयाची रोगी आहे? दुपारभर नाही म्हटलं, संध्याकाळी नाही म्हटलं. पण बहात्तर गोळे केले, आणि सकाळी चपला घालून तयारही झाले. एकतीस वर्षं संसार केला की पाय आपले आपण निघतात. निघताना मी एक अट घातली. पिठाबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. ते म्हणाले, नाही काढणार.

क्लासची खोली लांबट आहे. भिंतीला सहा ओव्हन, मधे स्टीलची टेबलं, पलीकडे तीन मोठ्या खिडक्या. त्या दिवशी सात विद्यार्थी आले होते, सहा मुली आणि एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळ्यांच्या कमरेला पांढरे एप्रन. बाई वही घेऊन बाजूला उभ्या. मिस्त्रींनी पहिला ट्रे आत सारला, दांड्यावर हात ठेवला, डोळे मिटले, मान वर केली. मी खिडकीशी डबे घेऊन उभी. लोण्याचा वास आला. साखरेचा आला. मग ओट्सचा सुटला आणि मी खोकले. मिस्त्रींनी डोळे उघडून घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. त्यांनी ट्रे काढला. बाराच्या बारा कुकीज सोनेरी, कडा जरा गडद, मधे मऊ. बाईंनी एक मोडून पाहिली आणि वहीत खूण केली.

दुसरा ओव्हन तसाच. तिसऱ्याला मी चौदाव्या मिनिटाला खोकले, त्यांनी स्क्रू अर्धा फिरवला, जमलं. चौथा जमला. बाईंच्या कपाळावरची आठी गेली. आणि जसजशी ती गेली तसतसे आमचे मिस्त्री फुलायला लागले. महिनोन् महिने दबलेला माणूस, त्याला जरा हवा मिळाली. ते विद्यार्थ्यांना सांगायला लागले, की बाळांनो, यंत्रावर विसंबू नका, नाक तयार करा. मुली माना डोलावत होत्या. एक तर लिहून घेत होती! मी पाचव्या वेळी खोकले तेव्हा एका मुलीने मला पाणी आणून दिलं, काकू, घशाला औषध घ्या म्हणाली. मी पाणी प्यायले आणि गप्प बसले. म्हटलं, एकच राहिलाय. एवढा झाला की सुटलो.

मिस्त्रींनी सहावा ट्रे आत सारला. आणि तेव्हाच त्या पोस्टातल्या गृहस्थांनी, अगदी साधेपणाने, विचारलं की मिस्त्री, एवढं तुमचं नाक तयार आहे, मग गेल्या महिन्यात आमचे केक का बसले?

खोलीत सगळे थांबले. बाईंनीही वहीतून मान वर केली. मिस्त्री दांड्यावर हात ठेवून हसले.

"ओव्हनचा काही दोष नव्हता," ते म्हणाले. "घरून पीठच बिघडून यायचं, त्याने माझा अंदाज चुकला. आमच्या मंडळींचा हात हल्ली जरा उतरलाय. वय झालं."

सगळे हसले. वाईटपणाने नाही, आपलं असंच. ज्या मुलीने पाणी दिलं होतं तिने माझ्याकडे बघून मान वाकडी केली, जशी आपण म्हाताऱ्या माणसाकडे बघून करतो. आणि मिस्त्रींनी डोळे मिटले, मान वर केली.

लोण्याचा वास आला. मग साखरेचा आला. मग ओट्सचा सुटला, त्या दिवसातला सगळ्यात सुरेख, सगळ्या खोलीभर. मी खिडकीशी उभी होते. घसा खाकरायला श्वासही घेतला होता. आणि मी तो तसाच सोडून दिला.

मिस्त्री उभे. वास गडद झाला. आता साखर कडवट व्हायला लागली होती. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. वास तर सगळ्यांनाच येत होता, पण मिस्त्री एवढे शांत उभे होते की बोलणार कोण? पोस्टातल्या गृहस्थांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ओव्हनच्या दाराच्या फटीतून धुराची एक रेघ निघाली, मिस्त्रींच्या थेट हनुवटीखालून वर गेली, आणि ते तसेच, डोळे मिटून, चेहऱ्यावर ते कसलेल्या माणसाचं हसू घेऊन उभे होते. माझा राग तिथेच गळून पडला. मी खोकायला पुन्हा श्वास घेतला, पण तोवर बाई पुढे झाल्या होत्या.

"मिस्त्री, जळतंय," बाई म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले. धूर पाहिला. मग खोलीपलीकडून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता पुन्हा पिठावर येतील. सवयच ती. त्यांनी ओव्हन बंद केला, ट्रे काढून टेबलावर ठेवला. बाराही कोळसे.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "आठ महिने झाले. तापात गेला. आजचे पाच ट्रे हिने काढले, हिच्या खोकण्यावर."

मग त्यांनी त्या सातही विद्यार्थ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "आणि पीठ चांगलं होतं. पहिल्या दिवसापासून चांगलंच होतं. मी खोटं बोललो."

हे एक वाक्य ऐकायला मी आठ महिने तडफडले होते. ऐकलं, आणि मला ते नको झालं. भर खोलीत, पांढऱ्या एप्रनांसमोर, माझा नवरा हात लोंबते सोडून उभा होता, आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. जी मुलगी लिहून घेत होती तिने वही हळूच मिटली. बाई काही वाईट बोलल्या नाहीत. पाणी दिलं, बसा म्हणाल्या, तब्येतीची चौकशी केली. पुढच्या महिन्याचं मी कळवते, असंही म्हणाल्या. आमच्या धंद्यात कळवते म्हणजे काय, ते आम्हा दोघांना चांगलं माहीत आहे. मिस्त्रींनी मान डोलावली.

मुलींनी तिन्ही खिडक्या उघडल्या आणि एप्रनांनी धूर बाहेर ढकलायला लागल्या. मिस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली, सावकाश, एकेक करून पुसून. मग ते माझ्या शेजारी खिडकीशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता चिडतील. चिडायला हवंच होतं, मीही चिडले असते. ते खोलीकडे बघत राहिले. धूर आता दिसत नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे तोंड न वळवता हळूच विचारलं.

"गेला का गं वास?"

"अजून नाही," मी म्हटलं. "थांबा जरा."